परतवारी आणि परक्या जिवाची ठेव

पंढरीकडे जाताना वारकऱ्याला घाई नसते. मोटारीने पाच-सहा तासांत संपणारी आळंदी ते पंढरपूर ही वाट तो अठरा-वीस दिवस चालतो. पाऊस आला तर घोंगडी नाहीतर प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेतो, विसावा आला तर बसतो, आणि चोपदाराने दंड उंच केला की एवढा लाखांचा समाज गप्प उभा राहतो. परंतु एकदा कळसाचे दर्शन झाले, पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला, की त्याच वारकऱ्याच्या पायांना काय होते कोण जाणे! काल्याची लाही तोंडात असतानाच त्याला घरचा गोठा, पेरलेले रान, आजारी माणूस, शाळेत जाणारी नातवंडे आठवू लागतात. माऊलींच्या पादुका परततानाही मुक्काम करीत करीतच आळंदीला जातात. पण त्या परतवारीला माणसे थोडी. बाकीचा समाज मिळेल त्या वाहनाने घर गाठतो. जाताना अंगी असलेला संयम आपण चंद्रभागेतच बुडवून आलो की काय, असे वाटावे!

आज मला लिहावयाचे आहे ते या परतीच्या घाईविषयी, आणि त्या घाईला आपण कधी कधी 'श्रद्धा' हे मोठे नाव देतो त्याविषयी. प्रश्न असा आहे: वाटेत संकट आडवे आले असता 'पांडुरंग तारील' म्हणून पुढे जाणे ही श्रद्धा, की थांबणे ही? आणि आपल्या मागे दुसऱ्यांचे जीव जोडलेले असतील, तर त्यांच्या वतीने ही श्रद्धा दाखवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हा प्रश्न मी पोथीतून काढलेला नाही. तो मला एका ओढ्याच्या काठी ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका पोराने विचारला. आणि पुढे तेरा दिवसांनी तोच प्रश्न उलट्या बाजूने एका म्हाताऱ्या वारकऱ्याने विचारला. दोघांनाही त्या वेळी मला उत्तर देता आले नाही.

२०२० आणि २०२१ या दोन साली रोगाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी. बसमधून पंढरीस नेण्यात आल्या, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हा ज्याच्या पायांत बळ होते तो तर निघालाच, पण नव्हते तोही निघाला. आमच्या गावची दिंडी लहान, शंभर-सव्वाशे माणसांची. सामानाला ट्रक भाड्याने घेण्याची ऐपत नाही. म्हणून एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि त्याला जोडलेली ट्रॉली. ट्रॉलीवर लोखंडी कमानी, कमानींवर ताडपत्री, आत गाद्या, शेगडी, पिठाचे डबे, पाण्याचा पिंप. जाताना ते आमचे फिरते स्वयंपाकघर, आणि येताना थकल्याभागल्यांचे फिरते घर. माणसे ट्रॉलीत बसवू नयेत असा कायदा आहे, तो आम्हाला ठाऊक होता. तरी आम्ही बसवली. हा दोष आधी सांगून टाकतो, कारण पुढचे सर्व त्यातूनच निघाले.

त्या वर्षी १३ जुलैला पौर्णिमा होती. काला घेऊन दुपारी निघालो. ट्रॉलीत सतरा जण. त्यांत पाच जण सत्तरीच्या पुढचे, आणि एक नऊ वर्षांची मुलगी, आमच्या तात्यांची नात. मी पुढे ट्रॅक्टरच्या चाकावरील पत्र्यावर, ड्रायव्हरच्या शेजारी. कुर्डुवाडी सोडली, सीना ओलांडली, बार्शी मागे पडली तोपर्यंत आभाळ नुसते दाटलेले होते. मग वारा सुटला. ट्रॉलीवरील ताडपत्री शिडासारखी फुगू लागली आणि एकेका झोतासरशी मागची गाडी डाव्या हाताला ओढू लागली. पाठोपाठ असा पाऊस, की ट्रॅक्टरच्या दिव्याचा उजेड चार हातांवर जाऊन मरे. दिवेलागणीला आमच्या गावापासून चार कोसांवर एक ओढा आहे तिथे आलो. ओढ्यावर पूल नाही, फरशी आहे; आणि फरशीवरून तांबडे पाणी वाहत होते.

त्याआधी अर्ध्या तासाने तात्यांना घरून फोन आला होता. त्यांचा धाकटा भाऊ आठ महिने अंथरुणाला खिळलेला. फोनवर एवढेच सांगितले, "तात्या, लवकर या." या तीन शब्दांचा अर्थ खेड्यात सर्वांना कळतो.

ड्रायव्हर खाली उतरला. हातात काठी घेऊन पाण्यात दहा पावले गेला. पाणी गुडघ्याला लागले तिथून परतला आणि म्हणाला, "बुवा, खुणंचं दगड दिसंनात. मी घालत न्हाई." मी म्हणालो, "अरे, चार कोसांवर घर आहे. तात्यांची अवस्था बघ. विठ्ठलाचे दर्शन घेऊन आलोत, पांडुरंग तारील. घाल." मागून ट्रॉलीतल्या दोघा-तिघांनी 'पुंडलीक वरदा' असा गजरही केला. तो पोरगा काही बोलला नाही. तेवढ्यात मागून एक जीप आली, हॉर्न वाजवीत आमच्या बाजूने पुढे झाली आणि पाण्यात शिरली. मध्यावर जरा हलली, आणि पलीकडे निघाली. "गेली! गेली!" असा ओरडा झाला. मी म्हणालो, "बघ."

त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केले. किल्ली खिशात टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बुवा, तुमचा इस्वास तुमच्यापाशी. माझाबी माझ्यापाशी हाय. पर तात्याची नात माझ्या गाडीत हाय. तिला इचारलं का?"

मला राग आला, हे लपवीत नाही. चाळीस वर्षे कीर्तनात उभा राहून ज्या विश्वासावर मी बोलत आलो, तो विश्वास एका माळ न घातलेल्या पोराने चारचौघांत मोडून काढला असे वाटले. पण किल्ली त्याच्या खिशात होती. मागे अर्ध्या मैलावर जिल्हा परिषदेची शाळा होती. तिच्या ओसरीवर रात्र काढली. हरिपाठ झाला. तात्या भिंतीला टेकून बसले होते. ते हरिपाठात आले नाहीत. त्यांना कोणी बोलावलेही नाही.

सकाळी आठच्या सुमारास पाणी उतरले. फरशी जशीच्या तशी होती. एक दगडही हललेला नव्हता. पंधरा मिनिटांत पार झालो. गावात पोचलो तेव्हा तात्यांच्या दारी माणसे बसलेली होती. भाऊ पहाटे गेला होता.

तेराव्याला जेवणे झाल्यावर तात्या माझ्याजवळ येऊन बसले. आवाज चढवून नव्हे, अगदी हळू विचारले, "बुवा, जीप गेली. फरशीबी शाबूत राहिली. मग आपणबी गेलो असतो. भावाचं तोंड दिसलं असतं. थांबलो ते बरूबर केलं का?"

सज्जनहो, ओढा आपले काही करू शकला नाही. भीती खरी ठरली नाही. थांबण्याचे नुकसान मात्र खरे ठरले. आता सांगा, त्या रात्री बरोबर कोण होते? फरशी वाहून गेली असती तर उत्तर सोपे होते. त्या पोराला आपण हार घातला असता, आणि मी कीर्तनात ती गोष्ट दृष्टांत म्हणून सांगितली असती. पण देवाने आम्हाला सोपा दृष्टांत दिला नाही. म्हणूनच हा विचार करावा लागला.

प्रथम त्या वाहनाचा स्वभाव पाहू. कारण धर्माचा निर्णय वस्तुस्थिती न जाणता होत नाही. एकट्या गाडीचे एक असते आणि मागे जोडलेल्या गाडीचे दुसरेच. ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका हुकाने आणि एका पिनेने जोडलेली असतात. शेतकामाच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सपाटीवर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो. पण उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. ओल्या उतारावर पुढच्याने एकदम ब्रेक दाबला तर मागचे ओझे थांबत नाही, ते पुढच्याला आडवे फिरवते, आणि चाकू मिटावा तशी दोन्ही वाहने मिटतात. ओझे आसाच्या मागे जास्त भरले तर हुकावरचा भार हलका होतो आणि ट्रॉली शेपटासारखी हलू लागते. वरून ताडपत्रीचे शीड असेल तर वाऱ्याचे काम आणखी सोपे. जीप गेली म्हणून ट्रॉली जाईल हा हिशेबच चुकीचा होता. जीपला मागून ढकलणारे कोणी नव्हते.

पाण्याचेही असेच. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद हौदा एक फूट पाण्यात बुडाला, तर साठ घनफूट पाणी बाजूला सारतो. तेवढ्या पाण्याचे वजन सुमारे सतराशे किलो. पाणी आत शिरेपर्यंत तितक्या वजनाने ते ट्रॉलीला वर उचलते. चाकांची जमिनीवरची पकड सुटली, की मग ती गाडी राहत नाही, होडी होते. आणि होडीला सुकाणू लागते, ते ट्रॉलीला नसते. त्या वेळी पाणी गुडघ्याला होते. पण ते दहा पावलांवर होते. मध्यावर किती होते, आणि आमच्या वर डोंगराकडे अजून किती पडत होते, हे आम्हापैकी कोणालाच माहीत नव्हते. नदीचा पूर हा आपल्या डोक्यावरील आभाळात दिसत नाही. पंढरीच्या वाळवंटात ऊन असते, आणि भीमाशंकराच्या अंगाला पडलेला पाऊस, उजनीच्या धरणातून सोडलेले पाणी, वीरच्या धरणातून नीरेत आलेले पाणी, हे सर्व चंद्रभागेला वर चढवीत असते. संकट दूर जन्मते आणि पायाशी प्रकटते.

आता शास्त्राकडे वळू. शरणागतीविषयी दक्षिणेतील श्रीवैष्णव आचार्यांत दोन दृष्टांत प्रसिद्ध आहेत: एक मर्कटकिशोर न्याय आणि दुसरा मार्जारकिशोर न्याय. वानराचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरते. मांजराचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. भक्ताने देवाला धरावे, की देवानेच भक्ताला उचलावे, असा तो वाद. मीही किती कीर्तनांत हे दोन दृष्टांत रंगवले असतील, आणि शेवटी मांजराच्या पिल्लाच्या बाजूने कौल दिला असेल! डोळे मिटून स्वतःला सोडून द्यावे, हीच खरी शरणागती, असे.

त्या रात्री शाळेच्या ओसरीवर मला हे ध्यानात आले की दोन्ही दृष्टांतांत आम्ही फक्त पिल्लाकडे पाहतो. आईकडे कोणी पाहतच नाही. पिल्लाला डोळे मिटता येतात; मांजरीला येतात काय? तोंडात पिल्लू धरून कुंपणावरून चालणारी मांजर पाहिली आहे ना? एरवी झेप घेऊन जाईल त्या ठिकाणी ती थबकते, पंजा टाकून पाहते, मागे फिरते, लांबचा वळसा घेते. तिला कोणी भित्री म्हणत नाही. पिल्लाची शरणागती आईच्या सावधपणावर उभी असते. ट्रॉलीत बसलेल्यांनी डोळे मिटावेत, नाम घ्यावे, तो त्यांचा अधिकार; त्यांनी आपला जीव दुसऱ्याच्या हाती दिलेला आहे. पण चाकावर बसलेल्याने डोळे मिटले तर ती शरणागती नव्हे, तो विश्वासघात. त्या पोराला मी 'पिल्लू हो' असे सांगत होतो. आणि तो जाणत होता की त्या घटकेला आपण मांजरीच्या जागी आहोत.

दुसरी गोष्ट ठेवीची. आमच्या धर्मशास्त्रात निक्षेप म्हणून एक प्रकरण आहे. एखाद्याने विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेली वस्तू म्हणजे निक्षेप, ठेव. ती जशी घेतली तशी परत द्यावी. आणि स्मृतिकारांनी दान देता न येणाऱ्या गोष्टींची गणना केली आहे तिच्यात ही ठेव येते. दान हे केवढे मोठे पुण्य! तरी ठेवीचे दान होत नाही. का? कारण ती तुझी नाही. तुझे घर तू देवाला वाहा, तुझे शेत वाहा, तुझा देहही चंद्रभागेच्या वाळवंटी ठेव; कोणी बोट दाखवणार नाही. पण शेजाऱ्याने सांभाळायला दिलेली पाटली तू विठ्ठलाच्या पायी वाहिलीस, तर तो भक्तिभाव नव्हे, ती चोरी. आणि विठ्ठल चोरीचा माल घेत नाही.

त्या ट्रॉलीतले सतरा जीव ही ठेव होती. कोणाची ठेव? त्यांच्या घरच्यांची, त्यांच्या स्वतःची, आणि अंती पांडुरंगाचीच. त्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या आईने आमच्या हाती देताना 'बुवा आहेत ना' एवढ्यावर दिले होते. ती ठेव मी पाण्यात घालून देवाची परीक्षा पाहू निघालो होतो. स्वतःच्या जिवावर विश्वास दाखवणे ही श्रद्धा असू शकेल. दुसऱ्याच्या जिवावर विश्वास दाखवणे हा उसनवारीचा व्यवहार आहे, आणि बुडाला तर फेडणार कोण?

यावर कोणी म्हणेल, "महाराज, दैवात असेल ते चुकत नाही. थांबले तरी मरणारा मरतो." खरे आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: कर्माला आधार देणारे स्थान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारचे प्रयत्न, आणि पाचवे दैव. दैव त्यात आहे. पण पाचवे आहे. पहिल्या चारांचा हिशेब न करता जो एकदम पाचव्यावर बोट ठेवतो, तो दैववादी नव्हे, आळशी. रस्ता कसा आहे ते पाहिले काय? चालवणारा थकलेला आहे काय? साधनाला ब्रेक आहे काय? प्रयत्न काय केला? हे चार झाल्यावर जे उरते ते पाचवे, आणि तिथे हात जोडावेत.

दैव कशाला म्हणतात ते पाहायचे असेल तर २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवा. महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात कोसळला, आणि दोन एस.टी. बसगाड्या व आणखी वाहने अंधारात नदीत गेली. त्या चालकांचा काय दोष? त्यांच्यापुढे रोजचा पूल होता, त्यावर रोजची वाहतूक होती. त्यांनी पाहण्यासारखे जे होते ते पाहिले होते. तिथे मस्तक लववावे, बोलू नये. परंतु त्याच रात्री, पूल गेल्याचे कळताच, जवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका माणसाने रस्त्यावर येऊन पुढची वाहने थांबवली, असे वर्तमानपत्रांतून आले होते. न दिसलेले संकट हे दैव. दिसलेल्या संकटापुढे हात आडवा करणे हा धर्म. आमच्या ओढ्याचे पाणी आम्हाला दिसत होते. त्याला दैव म्हणण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

आणि म्हणूनच 'जीप गेली' या पुराव्याने काही सिद्ध होत नाही. सावित्रीवरचे चालक चुकले नव्हते, तरी बुडाले. जीपवाला चुकला होता, तरी तरला. फळ हे कर्माचे प्रमाणपत्र नव्हे. कर्माचा बरेवाईटपणा ते करतेवेळी काय दिसत होते, काय समजत होते आणि कोणाचे काय हाती होते, यावर ठरतो. फरशी शाबूत राहिली हे आम्हाला सकाळी आठ वाजता कळले. निर्णय रात्री करावयाचा होता. रात्रीच्या निर्णयाला सकाळचा उजेड मागणे हा न्याय नव्हे.

हे सर्व मी तात्यांना सांगू शकलो असतो. पंचकारणे सांगितली असती, ठेव सांगितली असती. पण तेराव्याच्या दिवशी भावाची आठवण घेऊन बसलेल्या माणसाला पंचकारणे सांगणे म्हणजे तहानेल्याला विहिरीची खोली सांगणे. शिवाय त्यांच्या प्रश्नात एक खरी गोष्ट होती, ती माझ्या सर्व शास्त्राने पुसली जात नव्हती. थांबणे फुकट नव्हते. आमच्यापैकी सोळा जणांची एक रात्र गेली. तात्यांचा भाऊ गेला. सावधपणाची किंमत बहुतेक वेळा सावध राहणाऱ्याला पडत नाही, ती कोण्या एका भलत्याच माणसाला पडते. म्हणून जो थांबवतो त्याने 'मी बरोबर होतो' म्हणून हात झटकू नयेत. निर्णय बरोबर असूनही ऋण उरते. ते ऋण कसे फेडावे, ते मला त्या पोराने दाखवले. त्या रात्री सगळे पेंगले तेव्हा तो तात्यांशेजारी बसून होता. दर अर्ध्या तासाने आपल्या फोनवरून तात्यांच्या घरी लावीत होता. रेंज आली तर तो फोन तात्यांच्या कानाला धरी, आणि घरचे तो भावाच्या कानाला धरीत. भाऊ बोलत नव्हता. तात्या मात्र बोलले: लहानपणच्या बैलांची नावे, आईची आठवण, असे काहीतरी. हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. मी त्या वेळी झोपलो होतो.

आता माझ्याविषयी. मी 'घाल' म्हणालो ते खरोखर श्रद्धेने म्हणालो काय? मनाला धरून विचारले तेव्हा निघाले ते असे: माझे धोतर भिजले होते, पाठ दुखत होती, दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावी माझे कीर्तन ठरलेले होते, आणि चारचौघांत देवावरचा विश्वास कमी दिसू नये अशीही इच्छा होती. तात्यांचे दुःख खरे होते. माझे त्यांच्या दुःखाआड लपणे खोटे होते. घाईने श्रद्धेची शाल पांघरली होती. ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला ढकलते म्हणतात, तसे त्या रात्री मी आणि तो गजर मिळून त्या पोराला मागून ढकलीत होतो. पुढे बसलेला माणूस आपल्याला ओढतो असे आपण समजतो, पण पुष्कळदा आपणच त्याला खड्ड्यात ढकलीत असतो. असा मागचा रेटा छातीवर घेऊन जो ब्रेकवर पाय घट्ट ठेवतो, त्याचे धैर्य पाण्यात गाडी घालणाऱ्यापेक्षा मोठे.

मग श्रद्धा आणि घाई यांतला भेद ओळखावा कसा? माझ्या अल्प बुद्धीला एक खूण सुचते. श्रद्धेला थांबा म्हटले तर ती थांबू शकते. घाईला थांबा म्हटले की ती रागावते. मला राग आला होता. तिथेच ओळखायला हवे होते.

आणि वारकऱ्याला हे वेगळे का सांगावे? ज्याच्या दर्शनाला आपण जातो तो करतो काय? उभा आहे. पुंडलीक आईबापांची सेवा करीत होता, दारी देव आला, तर त्याने वीट पुढे सारली आणि म्हातारी माणसे आधी, देव मागून, असे ठरवले. देवाला त्याचा राग आला नाही. तो विटेवर उभा राहिला, तो अजून उभा आहे. त्या पोराच्या गाडीतही म्हातारी माणसे होती. त्याने आमच्यापुढे शाळेची ओसरी सारली. पुंडलिकाचा गजर आमच्या तोंडी होता. पुंडलिकाची कृती त्याने केली.

असो. विचार झाला, आता आचार. त्या वर्षीनंतर आमच्या दिंडीने तीन गोष्टी ठरवल्या, त्या इतर दिंडीप्रमुखांच्याही उपयोगी पडतील म्हणून लिहितो. पहिली, ट्रॉलीत सामान जाईल, माणूस जाणार नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत झाला, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिकीट अर्धे झाले. तेव्हा पैशाची सबब फारशी उरली नाही. दुसरी, सामान आसाच्या किंचित पुढे भरावे, ताडपत्री उंच बांधू नये, हुक आणि पीन निघण्यापूर्वी दोघांनी पाहावी. तिसरी, आणि तीच मुख्य: रस्त्यावर ड्रायव्हर 'नाही' म्हणाला की ते शेवटचे. विणेकरी असो, बुवा असो, नाहीतर मालक असो, कोणी त्यावर बोलायचे नाही. 'हो' मात्र सर्वांना विचारून.

तात्यांच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर कोणी विचारील. मी इतकेच म्हणालो, "तात्या, थांबलो ते बरोबर होते. आणि तुमचा भाऊ गेला, तेही खरे आहे. 'घाल' म्हणालो तो मी चुकलो." त्यांनी मान हलवली. समाधान झाले की नाही, मला सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी, २०२३ साली, पाऊस लांबला होता. आषाढी २९ जूनला आली. काला झाल्यावर आम्ही एस.टी.कडे निघालो, आणि तो पोरगा सामानाची ट्रॉली घेऊन निघाला. तात्या बसस्टँडाकडे जाता जाता मागे वळले, ट्रॅक्टरजवळ गेले. कनवटीची बुक्क्याची डबी काढून त्यांनी त्याच्या कपाळाला बुक्का लावला, आणि म्हणाले, "पाऊस आला तर थांब. आम्ही वाट बघू."

रामकृष्णहरि.